एक उन्हाळा, एक गाव, तीच दहा माणसं

इटालियन शिकायला महिनाभर इटलीला जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा शहराची होते. रोम, फ्लॉरेन्स, मिलान ही नावं ओळखीची असतात, विमानतळ जवळ असतो, आपल्याकडची मुलं तिथे आधीपासून शिकत असतात आणि आईवडिलांनाही तिथे पाठवताना धीर वाटतो. माझं मत याच्या उलट आहे. भाषा शिकणं हाच जाण्याचा खरा हेतू असेल, तर पंधरा-वीस हजार वस्तीचं एखादं गाव निवडावं, महिनाभर तिथून फारसं हलू नये, आणि मुक्कामाची सगळी आखणी एकाच गोष्टीसाठी करावी: तीच तीच माणसं रोज भेटली पाहिजेत. राहायची खोली, जाण्याचा महिना, घरी फोन करायची वेळ, शनिवार-रविवारचे बेत, हे सगळे निर्णय या एका कसोटीवर घासून बघता येतात आणि पुढे मी तेच करणार आहे.

आधी हिशोब मांडू. चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमात रोज चार तास आणि आठवड्याचे पाच दिवस धरले, तर वर्गाचे ८० तास भरतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना इटालियनमध्ये कामकाज करता यावं यासाठी २४ ते ३० आठवडे, म्हणजे साधारण ६०० ते ७५० तासांचं वर्गशिक्षण गृहीत धरते. आपले ८० तास त्यापुढे आठवा-नववा हिस्सा. नुसत्या वर्गासाठी एवढा खर्च करून जायचं असेल, तर तोच वर्ग पुण्यात, मुंबईत किंवा संगणकावर घरबसल्या करणं शहाणपणाचं. पण दुसरा आकडाही बघा. २८ दिवसांत रोज सोळा तास जागेपणाचे धरले तर ४४८ तास होतात. त्यातून वर्गाचे ८० वजा केले तरी ३६८ तास उरतात. ते कुठल्या भाषेत जातात, यावर उन्हाळ्याचं सार्थक ठरतं. माहितीपत्रकात वर्गाच्या तासांचं वेळापत्रक छापलेलं असतं, या ३६८ तासांचं कुणी छापत नाही. ते आपलं आपणच करावं लागतं.

परदेशात जाऊन राहिलं की भाषा आपोआप कानावर पडते आणि येते, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. तिला धक्का देणारा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. बार्बरा फ्रीड, नॉर्मन सेगालोविट्झ आणि डॅन ड्यूई यांनी फ्रेंच शिकणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांचे तीन गट तपासले. पहिला गट मायदेशी नेहमीच्या वर्गात शिकत होता. दुसराही मायदेशीच, पण सगळा दिवस फ्रेंचमध्येच घालवायच्या उन्हाळी निवासी वर्गात होता. तिसरा गट फ्रान्समध्ये जाऊन शिकत होता. बोलण्याच्या ओघात सगळ्यात जास्त प्रगती केली ती दुसऱ्या गटाने, ज्यांनी देश सोडलाच नव्हता. फ्रान्समध्ये गेलेल्यांनी वर्गाबाहेरच्या वेळेचा हिशोब दिला तेव्हा दिसलं, की त्यांनी फ्रेंचपेक्षा इंग्रजीच जास्त वापरली होती. शहर आणि गाव यांची तुलना या अभ्यासात नाही, त्यामुळे त्याच्या आधारे लहान गावाचा विजय जाहीर करणं बरोबर होणार नाही. मात्र मोजायचं काय, हे तो नेमकं सांगतो. आपण कुठल्या देशात होतो याला फार अर्थ नाही. दिवसाचे किती तास ती भाषा तोंडात होती याला आहे. म्हणून जागा निवडताना विचारायचा प्रश्न असा: दुसऱ्या भाषेत पळून जायच्या वाटा कुठे कमी आहेत, आणि ज्यांच्याशी कालचं बोलणं आज पुढे नेता येईल अशी माणसं कुठे जास्त भेटतील?

उदाहरण म्हणून उर्बीनो घेऊ. मार्के प्रांतात, एड्रियाटिक समुद्राच्या बाजूला डोंगरावर वसलेलं हे गाव. चित्रकार राफाएलचा जन्म इथे १४८३ साली झाला, इथलं विद्यापीठ १५०६ सालचं आहे आणि तटबंदीच्या आतलं जुनं गाव १९९८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. वस्ती चौदा हजारांच्या आसपास आणि विद्यापीठात जवळपास तितकेच विद्यार्थी. रेल्वे गावापर्यंत जात नाही. फानोहून येणारी लाइन १९८७ मध्ये बंद पडली. आता पेसारो स्टेशनवर उतरून बसने पाऊण-एक तास डोंगर चढावा लागतो. माहितीपत्रक वाचणाऱ्याला ही अडचण वाटते. भाषा शिकणाऱ्याच्या दृष्टीने तो फायदा आहे, कारण रविवारी उठून सहज कुठे निघून जाता येत नाही. गाव दोन टेकड्यांवर पसरलं आहे आणि दोन्हींचे उतार एका चौकात येऊन मिळतात. वाचनालयात जायचं असो, बस पकडायची असो की ब्रेड आणायचा असो, पिआत्सा देल्ला रेपुब्लिका नावाच्या त्या चौकातून गेल्याशिवाय भागत नाही. त्यामुळे सकाळी वर्गात शेजारी बसलेली मुलगी, दुपारी टपाल कचेरीतला माणूस आणि संध्याकाळी घरमालकीण अशी तिघंही तिथे पुन्हा भेटतात. पेरुजा आणि सिएना इथे खास परदेशी विद्यार्थ्यांसाठीची विद्यापीठं आहेत आणि शिकवण्यात त्यांचा लौकिक मोठा आहे, पण पेरुजाची वस्ती दीड लाखाच्या पुढे जाते. तिथे गेलात तरी एखादा मोहल्ला पक्का धरून त्याचंच गाव करून घ्यावं लागेल.

रोज भेटणाऱ्या माणसांमुळे नेमकं काय होतं, ते जवळून बघण्यासारखं आहे. इटलीत बार म्हणजे मुख्यतः कॉफीचं दुकान. सकाळी आठ वाजता आत शिरताना ‘बुओनजोर्नो’ म्हणायचं, काउंटरपाशी उभं राहायचं आणि ‘उन काफ्फे माक्क्यातो’ मागायचा. उभ्याने प्यायलात तर साधारण सव्वा-दीड युरोत काम होतं. टेबलाशी बसलात की दर बहुतेक ठिकाणी वाढतो. पहिल्या दिवशी एवढंच वाक्य तोंडातून बाहेर पडतं आणि तेही घाईत. दुसऱ्या दिवशी काउंटरमागचा माणूस सोबत काही खायला हवंय का विचारतो. ते कळत नाही, आपण नुसते हसतो. तिसऱ्या दिवशी तोच प्रश्न त्याच शब्दांत येतो आणि आता तो अर्धा कळतो, कारण वेळ तीच, माणूस तोच, हाताची खूणही तीच. पाचव्या-सहाव्या दिवशी तो म्हणतो, ‘इल सोलितो?’ नेहमीचंच ना? हा शब्द कोशात शोधावा लागत नाही. त्या प्रसंगात त्याचा दुसरा अर्थ होऊच शकत नाही, म्हणून तो जन्मभर लक्षात राहतो. दहाव्या दिवशी विषय पावसाचा निघतो, पंधराव्या दिवशी तुमच्या गावाचा. मोठ्या स्टेशनजवळच्या बारमध्ये हा क्रम रोज पहिल्या दिवसापाशीच अडकतो, कारण तिथे गिऱ्हाईक रोज नवं असतं. शिवाय तुम्ही अडखळलात की तिथला माणूस लगेच इंग्रजीवर येतो. त्याला दोष देता येत नाही, मागे रांग उभी असते.

यावर पहिली शंका बोलीभाषेची निघते. खेड्यातली माणसं शुद्ध इटालियन बोलतच नसतील, मग शिकणार काय? शंका पोकळ नाही. १८६१ मध्ये इटली एक झाली तेव्हा इटालियन येणारे लोक शेकड्याला जेमतेम अडीच होते, असा अंदाज तुल्यो दे माउरो यांनी १९६३ साली मांडला. इतर काही अभ्यासकांनी तो आकडा वाढवून धरला, पण बहुसंख्य लोक आपापल्या बोलीतच जगत होते याबद्दल दुमत नाही. प्रमाण भाषा पुढे शाळेतून, सैन्यातून आणि दूरचित्रवाणीवरून पसरली. १९६० ते १९६८ या काळात आल्बेर्तो मान्झी नावाचे शिक्षक दूरचित्रवाणीवर फळ्यासमोर उभे राहून प्रौढ निरक्षरांना लिहा-वाचायला शिकवत. गावातले आजचे आजी-आजोबा त्या काळात वाढलेले. घरात, आपसात ते बोली बोलतात. उर्बीनोची बोली तर टस्कनीपेक्षा उत्तरेकडच्या बोलींना जवळची आहे. पण परक्या माणसाशी ते शाळेत शिकलेली इटालियन बोलतात, तीही सावकाश, शब्द नीट उच्चारून. मालवणी किंवा अहिराणी बोलणारे आजोबा बाहेरगावच्या पाहुण्याशी कसे सांभाळून बोलतात ते आठवलं की हे पटेल. सुरुवातीच्या विद्यार्थ्याला इतका सोयीचा बोलणारा तरुणांत सापडत नाही. मात्र दोघं आपसात बोलू लागले की काहीच कळणार नाही, हे धरूनच चालावं आणि त्याने खचू नये.

महिना कुठला निवडावा, याकडे आपल्याकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही. इटलीतले पुष्कळ उन्हाळी वर्ग जुलै-ऑगस्टमध्ये असतात आणि आपली सुट्टी असते एप्रिल अखेरीपासून जूनपर्यंत. विद्यार्थी मग कॉलेज बुडवून ऑगस्टमध्ये जायचा विचार करतात. माझा सल्ला, जुळवायचं असेल तर मे-जूनच जुळवावा. अनेक भाषाशाळा महिन्या-महिन्याचे वर्ग वर्षभर चालवतात, तेव्हा मे महिन्यात जागा मिळणं अवघड नसतं. मे महिन्यात तिथल्या शाळा चालू असतात, विद्यापीठात तास असतात, जून-जुलैत परीक्षा असतात. म्हणजे गावातली तुमच्या वयाची मुलं गावातच असतात. ऑगस्टमध्ये, विशेषतः १५ तारखेच्या फेर्रागोस्तोच्या सणाच्या आगेमागे, घरगुती दुकानांच्या दारांवर ‘क्यूजो पेर फेरिए’ अशी सुट्टीची पाटी लागते. न्हावी, बेकरीवाला, ग्रंथपाल, ज्यांच्याशी रोजची ओळख व्हायची तीच माणसं समुद्रावर गेलेली असतात आणि गावात पर्यटक भरलेले असतात. ऑगस्टच एकमेव शक्य महिना असेल तर जावं, पण निदान सुरुवात अशी धरावी की फेर्रागोस्तो येईपर्यंत दोन आठवडे पदरात पडलेले असतील.

आता तयारी. शून्यावरून जाऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. अंक, वार, क्रियापदांची वर्तमानकाळी रूपं आणि नामांच्या आधीची उपपदं हे सगळं घरी होण्यासारखं आहे. तिथला पहिला आठवडा त्यात घालवणं म्हणजे महागड्या तासांत स्वस्त काम करणं. निघण्यापूर्वी तीन-चार महिने आठवड्याला चार-पाच तास देऊन ए-वन ही पहिली पातळी पुरी करावी. मराठी बोलणाऱ्याला यात काही देणग्या जन्मतःच मिळालेल्या आहेत, फक्त त्या ओळखायला हव्यात. इटालियनमध्ये जोडव्यंजनाने अर्थ बदलतो: ‘कापेल्लो’ म्हणजे केस आणि ‘काप्पेल्लो’ म्हणजे टोपी. इंग्रजी माणसाला हा फरक ऐकायलाच कष्ट पडतात. कच्चा, पत्ता, गल्ली रोज बोलणाऱ्या आपल्या जिभेला तो सरावाचा आहे. ‘ग्रात्सिए’मधला वर्ण म्हणजे आपल्या ‘चाक’मधला च, आणि ‘झेरो’ म्हणून आपण लिहितो त्याचा आरंभ ‘जाड’मधल्या जसारखा. हे दोन्ही दंत्य उच्चार मराठीत आहेत, हिंदीत नाहीत. आपण चूक करतो ती त आणि द यांच्यात. इंग्रजीच्या सवयीने ‘टुट्टो’ म्हणतो, खरा उच्चार ‘तुत्तो’ आहे, अगदी आपल्या दंत्य तसारखा. इंग्रजी मधे न आणता थेट मराठी कानाने ऐकलं की उच्चार पहिल्या आठवड्यातच सुधारतो.

व्याकरणातही हीच गोष्ट आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. इंग्रजीतून शिकताना ‘मी प्याचे इल काफ्फे’ ही रचना विचित्र वाटते, कारण तिथे आवडणारी वस्तू कर्ता होते. मराठीत आपण तेच करतो: मला कॉफी आवडते. पुस्तकं अनेक झाली की ‘मी प्याचोनो ई लीब्री’, मला पुस्तकं आवडतात. क्रियापद वस्तूच्या मागे जातं, माणसाच्या नाही. भूतकाळात मुलगा ‘सोनो अंदातो’ म्हणतो आणि मुलगी ‘सोनो अंदाता’, जसं आपलं मी गेलो आणि मी गेले. याहून गमतीचं म्हणजे कर्म आधी सर्वनामाने सांगितलं, की क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं. वर्तमानपत्र तिथे पुल्लिंगी, म्हणून ‘लो लेत्तो’. पत्र स्त्रीलिंगी, म्हणून ‘लो लेत्ता’. आपल्या ‘लेख वाचला, चिठ्ठी वाचली’ या जोडीला हे किती जवळचं आहे! इंग्रजी पाठ्यपुस्तकं या मुद्द्यावर पानंच्या पानं खर्च करतात. वहीच्या डाव्या पानावर इटालियन वाक्य आणि उजव्या पानावर त्याचं मराठी लिहायची सवय लावली, तर ती पानं पुष्कळदा वाचावी लागत नाहीत. आदरार्थी बोलणं मात्र नव्याने शिकायचं आहे. वडीलधाऱ्यांशी आणि अनोळखी माणसांशी ‘लेई’ वापरतात, म्हणजे शब्दशः ‘ती’, आणि क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी. समोर पुरुष असला तरी हेच. समवयस्कांशी ‘तू’ चालतं. दुकानात शिरताना ‘चाओ’ म्हणू नये, ‘बुओनजोर्नो’ म्हणावं, आणि दुपार कलली की ‘बुओनासेरा’.

कागदपत्रांची बाजू थोडक्यात. ९० दिवसांपर्यंतच्या अभ्यासासाठी शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. त्याहून जास्त राहायचं तर राष्ट्रीय व्हिसा आणि तिथे पोचल्यावर आठ कामकाजी दिवसांत निवासपरवान्याचा अर्ज. अल्पमुदतीच्या व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी तो पोचायला हवा. पण उन्हाळ्यासाठी भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून मे महिन्यात जाणाऱ्याने जानेवारी-फेब्रुवारीतच हालचाल करावी. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, मात्र अभ्यासासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना ते माफ करण्याची तरतूद शेंगेनच्या नियमांत आहे. अर्ज भरताना हे जरूर विचारावं; अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं पडतं. युरोपीय संघाबाहेरच्या पाहुण्याला घरात ठेवलं, की घरमालकाने ४८ तासांत पोलिसांना कळवायचं असतं. खाजगी खोली घेताना घरमालक हे करणार आहे ना, याची आधीच खात्री करून घ्यावी. दुसऱ्या शेंगेन देशात विमान बदलून इटलीत शिरलात, तर आठ दिवसांत क्वेस्तुरा या पोलीस कार्यालयात आपल्या उपस्थितीची नोंद करावी लागते. पुष्कळ विद्यार्थ्यांना हा नियम ठाऊक नसतो. हॉटेलात किंवा नोंदणीकृत निवासात राहिलात तर ही नोंद त्यांच्यामार्फत होते.

खोली निवडताना स्वस्त-महाग याच्या आधी जागा बघावी. उर्बीनोच्या तटाबाहेर टेकडीवर वास्तुविशारद ज्यानकार्लो दे कार्लो यांनी १९६० च्या दशकापासून बांधलेली विद्यार्थिवसतिगृहं आहेत. जगभरचे वास्तुकलेचे विद्यार्थी ती बघायला येतात. पण महिनाभर भाषेसाठी राहणाऱ्याला मी तटाच्या आतली, एखाद्या इटालियन कुटुंबातली किंवा इटालियन विद्यार्थ्यांच्या घरातली खोली सुचवेन, थोडी महाग पडली तरी. स्वयंपाकघर सामाईक असावं, कारण ओट्यापाशी होणाऱ्या गप्पा त्या ३६८ तासांतला मोठा वाटा उचलतात. आपल्याच कॉलेजचा गट मिळून जात असेल तर गट एका घरात राहू नये, हे प्राध्यापकांनीच ठरवून द्यावं. एका खोलीत दोन मराठी मुलं असली की संध्याकाळ मराठीत जाणार. तो त्यांचा दोष नाही, दमलेलं मन घरच्या भाषेकडेच वळतं.

घरी करायच्या फोनचीही वेळ ठरवून घ्यावी, हा सल्ला क्षुल्लक वाटेल. उन्हाळ्यात इटली आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. आपल्याकडे रात्री साडेनऊला जेवणं आटोपून आई फोन करते, तेव्हा तिथे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. सहा ते आठ हीच ‘पास्सेज्याता’ची वेळ, सगळं गाव चौकात फेरी मारायला उतरतं, थांबतं, बोलतं, पुन्हा चालतं. त्या दोन तासांत खोलीत बसून फोनवर बोलणं म्हणजे दिवसातला सगळ्यात चांगला वर्ग बुडवणं. त्याऐवजी दुपारी दोनला, वर्ग सुटल्यावर आणि दुकानं बंद असताना बोलावं. तेव्हा आपल्याकडे साडेपाच वाजलेले असतात. आईवडिलांना हे कारणासकट आधी समजावलं तर ते आनंदाने मान्य करतात, आणि नाही समजावलं तर फोन न उचलल्याची काळजी करत बसतात.

शाकाहारी विद्यार्थ्याची अडचण खरी आहे, पण तीही बोलायला लावणारी आहे. उर्बीनोत ‘क्रेशा’ नावाची तव्यावरची पोळी मिळते. पीठ लाटून वर चरबी फासतात, गुंडाळी करून वेटोळं घालतात, पुन्हा लाटतात. शेकली की घडीच्या पोळीसारखे पदर सुटतात. दिसायला अगदी आपली, पण आतली चरबी बहुधा डुकराची असते. तिला ‘स्त्रूत्तो’ म्हणतात. सूपमध्ये मांसाचं पाणी असू शकतं, पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. म्हणून ‘सोनो वेजेतार्यानो’, मुलगी असेल तर ‘वेजेतार्याना’, एवढ्यावर थांबू नये. ‘चे लो स्त्रूत्तो?’ असं नेमकं विचारावं. किराणा दुकानात चीज ‘एत्तो’वर मागतात, एक एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम. दोन एत्तो मागितलं की दुकानदार कुठलं, कशासाठी, किती जुनं असं विचारणार आणि मागची बाई आपलं मत देणार. सुपरमार्केटमध्ये हेच चीज पाकिटात मिळतं, एक शब्द न बोलता. स्वस्तही असेल. तरी आठवड्यातून तीनदा त्या लहान दुकानात जावं.

एवढ्या दूर जाऊन रोम, व्हेनिस बघायचं नाही का, असा प्रश्न येतो, आणि तो मला सगळ्यात कठीण वाटतो. व्हिसा हातात आहे, स्वस्त विमानं आहेत, वय फिरायचं आहे. कुणाला नको म्हणणं जिवावर येतं. तरीही चार शनिवार-रविवार फिरण्यात घालवले तर महिन्यातले आठ दिवस इंग्रजीत जातात, आणि गावातल्या ओळखी ज्या दिवसांत घट्ट व्हायच्या ते नेमके तेच दिवस असतात: आठवडे बाजार, रविवारची चर्चबाहेरची गर्दी, कुणाकडचं जेवण. वर्ग संपल्यावर पाच-सहा दिवस जोडून घ्यावेत आणि व्हिसाच्या तारखा पहिल्यापासून तशाच मागाव्यात. तेव्हा रोममध्ये तिकीट काढताना, रस्ता विचारताना शिकलेली भाषा कामाला येईल. शिवाय लहान गाव म्हणजे बघण्यासारखं काही नाही असंही नव्हे. उर्बीनोच्या ड्यूकच्या राजवाड्यात पिएरो देल्ला फ्रांचेस्काचं ख्रिस्ताच्या फटक्यांचं चित्र आहे, राफाएलचं ‘ला मूता’ आहे. सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी विनामूल्य असतात. मोठ्या संग्रहालयात त्या चित्रापुढे दोन मिनिटं मिळाली असती; इथे दर आठवड्याला परत येऊन त्याबद्दल पाच नवी वाक्यं लिहिता येतात.

एकटेपणा येतो, हे लपवू नये. पहिल्या दहा दिवसांत तो हटकून येतो, दुपारी एक ते चार सगळं बंद असतं तेव्हा विशेष. लहान गावात सावळा चेहरा उठून दिसतो, लोक बघतात, आणि ‘कुठली तू?’ हा प्रश्न शंभरदा येतो. कुणाचा सूर नेहमीच प्रेमाचा असेल असंही नाही. या प्रश्नाचं उत्तर पाच वाक्यांत पाठ करून न्यावं: गाव कुठे, तिथे काय पिकतं, घरी कोणती भाषा बोलतात, ती किती लोक बोलतात, घरी कोण असतं. नुसतं ‘इंडिया’ म्हणून थांबलात तर बोलणं तिथेच संपतं. नगरचं ज्वारीचं पीक किंवा रत्नागिरीचा आंबा सांगितला तर शेतीवर जगलेल्या माणसाला त्यात रस वाटतो आणि तो आपल्या ऑलिव्हबद्दल सांगू लागतो. मुलींच्या सुरक्षिततेची काळजी करणाऱ्या पालकांना हेही सांगायला हवं, की सगळे ओळखतात अशा गावात एकटेपणी काही बिनसलं तर लक्षात येणारे डोळे जास्त असतात. ते डोळे कधीकधी नकोसेही वाटतात.

आणि पैसे. एका महिन्यात ए-वनवरून ए-टूच्या मधोमध पोचणं, फार मेहनत केली तर ए-टू पुरी होणं, एवढीच अपेक्षा प्रामाणिक आहे. त्यावर नोकरी मिळत नाही. म्हणून या उन्हाळ्यासाठी कर्ज काढू नये. साठवलेल्या पैशांतून, शिष्यवृत्तीतून किंवा पुढे इटलीतच पदवीला जायचं नक्की असेल तर त्या तयारीचा भाग म्हणून जावं. जी मुलं मिलान किंवा तोरिनोला इंग्रजी माध्यमातून शिकायला जाणार आहेत, त्यांनी सत्र सुरू होण्याआधीचा महिना लहान गावात काढला तर घर शोधणं, डॉक्टर, सरकारी कचेऱ्या या सगळ्यात तो वसूल होतो. महिन्याच्या शेवटी घाईने प्रमाणपत्राची परीक्षा द्यायच्या मागे लागू नये. सिएनाची चिल्स किंवा पेरुजाची चेली परीक्षा परतल्यावर सहा महिन्यांनी, बी-वनची तयारी करून दिलेली बरी. त्यासाठी निघण्याआधीच इथल्या पुढच्या पातळीच्या वर्गात नाव घालून ठेवावं, परतीनंतर दोन आठवड्यांच्या आत सुरू होणाऱ्या. आणि गाव सोडताना दोन-तीन जणांचे पत्ते लिहून आणावेत, घरमालकीणबाईंचा तर नक्कीच, म्हणजे दिवाळीत त्यांना इटालियनमध्ये एक पत्र लिहायचं काम आपल्या मागे लागेल.